तुमचं सरकार

“काकू, तुमच्याशिवाय बायका हलत नाहीत,” हर्षद उंबऱ्याशी चपला काढत म्हणाला. “रविवारी सभा आहे. आपल्या चाळीतून एक बस तरी भरायला हवी.”

प्रेमाकाकू सुपात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, निवडत होत्या. हर्षद सत्ताधारी पक्षाचा विक्रोळीतला कार्यकर्ता. गेल्या निवडणुकीत काकू त्याच्याबरोबर दारोदार फिरल्या होत्या. एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटण्यात काकूंचा जन्म गेला. त्यांच्या शब्दाला चाळीत मान होता.

भिंतीपलीकडे भांडी गोणीत भरल्याचा आवाज येत होता. शेजारच्या सपनाचं बिऱ्हाड गावी, कणकवलीकडे निघालं होतं. नंदकिशोर, तिचा नवरा, घाटकोपरला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात होता. मंदीत ऑर्डरी आटल्या आणि मालकाने शटर खाली ओढलं. बरेच दिवस हिंडूनही दुसरीकडे काम मिळालं नाही.

मतदानाच्या सकाळी सपना म्हणाली होती, “काकू, यांना मत द्यायचं माझं मन नाही. नंदू म्हणतो, धंदा आत्ताच बसलाय.” काकू म्हणाल्या, “हेच आले तर सगळं मार्गी लागेल. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?” सपनाने मुकाट्याने चपला घातल्या होत्या.

निकालाच्या दिवशी अख्खी चाळ म्हणत होती, ‘आपलं सरकार आलं’. पुढे कधीतरी नळावर कोणी बोललं, “काकू, तुमच्या सरकारने गॅस वाढवला ना.” ‘आपलं’ जाऊन ‘तुमचं’ कधी झालं, ते इतरांना कळलंही नाही. काकूंना कळलं. आधी त्या भांडल्या. मंदी काय इथेच आहे का, म्हणाल्या. मग गप्प राहू लागल्या. सपना कधीच ‘तुमचं’ म्हणाली नाही. तिने फक्त आमटीची वाटी पाठवणं बंद केलं.

“आपलंच सरकार आहे काकू,” हर्षद म्हणाला. “आपणच नाही गेलो तर कोण जाणार?”

“आपलं म्हणजे कोणाचं रे? बाजूला जरा कान लाव.”

हर्षदने ऐकलं. “वाईट वाटतं. पण मंदी काय आपण आणली?”

“नाही आणली. पण मतं आपण मागितली ना? तेव्हा नाही सांगितलं, वाट लागली तर आमच्याकडे बघू नका म्हणून.”

“असं बोललात तर पुढच्या वेळी समोरचे येतील.”

“येऊ देत. त्यांच्यासाठीही मी दारं वाजवणार नाही.”

“मग मी वरती काय सांगू?”

“सांग, म्हातारीचे गुडघे गेले.”

“गुडघे तर तुमचे झकास आहेत.”

“मग खरं ते सांग.”

हर्षद गेला. काकूंनी सोड्यांचं सूप बाजूला सारलं आणि शेजारी गेल्या. सपना जमिनीवर चादर पसरून तिच्यात गोधड्या रचत होती.

“या काकू. बसायला काही ठेवलं नाही.”

काकू उभ्याच राहिल्या. मनातलं बोलताना त्या मालवणीवर येत.

“मी चुकलंय गो. तुझा मन नव्हता, तरी तुका घेऊन गेलंय.”

“बटण मीच दाबलं ना.” सपना गोधडी घडी करत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, “पण राग आला होता काकू. आणि तुमचाच आला होता. सरकार कुठे दिसतं आपल्याला? तुम्ही दिसायच्या, रोज नळावर.”

“खरा आसा,” काकू म्हणाल्या.

खाली टेम्पोने हॉर्न दिला. सपनाने चादरीला गाठ मारायला घेतली. एकटीच्याने गाठ घट्ट बसेना. तिने वर पाहिलं.

“हे टोक धरा जरा.”

काकूंनी धरलं. दोघींनी ओढून गाठ घट्ट केली आणि गाठोडं दोन बाजूंनी उचललं. जिन्यात नंदकिशोर भेटला.

“काकू, सोडा. मी घेतो.”

“तू दुसरा काय ता घे,” काकू म्हणाल्या.

गॅलरीतल्या बायका बघत होत्या. काकू कठड्याला धरून, ओझ्याने एकेक पायरी थांबत, गाठोड्याचं आपलं टोक घेऊन खाली उतरत राहिल्या.