बिनशिवणीचं अंग

मी एक जुनी वार आहे. मित्रांनो, नऊ महिन्यांच्या जिवाने स्वतःला जुनी म्हणावं, याचं हसू आलं ना? पण आमचं आयुष्यच तेवढं. आईच्या पोटात बाळाला पोसते आणि जपते ती मी. ज्या बीजातून बाळ झालं त्यातूनच मी झाले, म्हणजे आम्ही सख्खी भावंडं. ते गोंडस निघालं आणि मी लालभडक गोळा. नशीब एकेकाचं!

आमची आई कारखान्यात रेनकोट शिवायची. सातव्या महिन्यात तिथे फ्लूची साथ आली आणि तिलाही सडकून ताप भरला. भीतीने तिच्या पोटात गोळा आला. मी शेजारीच होते, मला कळलं.

"बाळाला तर नाही ना लागायचा?" ती सारखी आजीला विचारायची.

"तू आधी पाणी पी," आजी म्हणायची आणि तांब्या पुढे करायची.

तपासायला आलेल्या नर्सने आईला विचारलं, "रेनकोटमध्ये पाणी कुठून शिरतं गं?"

"शिवणीतून."

"वारेच्या वरच्या थराला शिवणच नसते. सगळ्या पेशी मिळून सलग एकच कापड! विषाणूला सहसा फट सापडत नाही. तू औषध वेळेवर घे, ताप उतरायला हवा."

ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण मिरवायला सवड कुठे होती? बाहेरून आईचं रक्त, आतून बाळाचं. दोन्ही मी वेगळी ठेवली. अन्न आत घेतलं, विषाणू दारातच अडवले, शेजारच्या पेशींना सावध केलं. आईच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयार झाली, तीही बाळाला पोचवली.

दिवस भरले आणि बाळ ठणठणीत, बोंब ठोकतच आलं. सगळे त्याच्याभोवती जमले. मी मागून आले. नर्सने मला उलटसुलट पाहिलं, अख्खी आहे याची खात्री केली आणि ट्रेमध्ये ठेवलं.

मित्रांनो, तेवढ्यात एक सांगून घेते. रुबेलासारख्या आडदांड विषाणूंपुढे माझंही काही चालत नाही. त्याची लस दिवस राहण्याआधीच घ्यावी लागते. आणि सर्दीताप असेल तर पोटुशी बाईपासून लांब राहा. आमच्यावर सगळा भार टाकू नका.

"मला दाखवा ना ती," आई म्हणाली.

"अगं, ते काय बघायचं?" आजीने नाक मुरडलं.

"आई, हिनेच तर सांभाळलं त्याला."

तिने माझ्यावरून बोट फिरवलं. जन्मभर मी तिच्या रक्तात राहिले, पण तिचा हात मला तेव्हा पहिल्यांदा लागला.