देवीचा मांडा

"वीसच्या आत हवं होतं, मावशी. तुमचं एकशे ऐंशी आलंय," अरिबा म्हणाली.

धुळ्याच्या लॅबमध्ये रिपोर्टाच्या खिडकीशी सुंदरबाई उभी होती, खिडकीआड तंत्रज्ञ अरिबा. बोटं सुजून हळकुंडासारखी झालेली.

"एवढा मार्क? म्हंजे मी पास?"

अरिबाला हसू आलं, मग तिनं ते आवरलं. "इथं उलटं असतं. रोगाशी लढायला शरीरात अँटीबॉडी असतात. तुमच्या काही अँटीबॉडी तुमच्याच सांध्यांवर उठल्यात. तुमचा सांधेवात त्यातूनच आलेला दिसतो. औषध डॉक्टर ठरवतील."

"म्हंजे राखनना कुत्रा घरनालेच चावी राह्यना."

"अगदी तसंच."

"मंग तो दुसराले चावस का?"

हा एकच प्रश्न घेऊन ती साक्रीकडून एसटीनं आली होती. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नघरी पुरणाचे मांडे तिच्याच हातचे. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. पहिला मांडा कुलदेवीचा, तो करण्याचा मानही तिचाच. पण तिचं रक्त तपासायला नेलंय हे कळताच गाव बिथरलं. रोग रक्तात आहे, कणकेत उतरेल. शेजारच्या कुंदाबाईनं तर आपल्या मुलीच्या लग्नाआधीच निरोप धाडला, औंदा येऊ नका. सुंदरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"नाही हो, हा आजार लागत नाही," अरिबा म्हणाली.

"मंग लिखी दे."

"मी कशी देणार? डॉक्टरांना विचारावं लागेल."

"इचार. मी बठस."

डॉक्टरांची सही झाल्याशिवाय ती बाकावरून उठली नाही.

मांड्यांच्या दिवशी बोलावणं नसताना ती कुंदाबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. चुली पेटल्या होत्या.

"अक्का, लोके नावं ठेवतीन वं," कुंदाबाई पुटपुटली.

"हाऊ कागद वाच. बठ्ठासले ऐकू जाई असं वाच."

कुंदाबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खाली सही, शिक्का. सुंदरबाईनं कोपरापर्यंत हात धुतले आणि खापरापुढे बसली.

पहिला मांडा फाटला. बोटं उघडेनात, पुरण चुलीत सांडलं. कोणीतरी चुकचुकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

"देवीले दुसरा करस," ती म्हणाली. फाटका मांडा ताटात घेऊन तिथंच, सगळ्यांसमोर खायला लागली.

थोड्या वेळानं कुंदाबाई शेजारी येऊन बसली. त्याच ताटातला तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला.

"गोड शे ना?"

"गोड शे, अक्का."

सुंदरबाईनं नवा गोळा उचलला. बोटांवर पेलेना, म्हणून मनगटांवर घेतला. दात आवळून, हळूहळू पसरला. नेहमीच्या निम्माच झाला, पण खापरावरून अखंड उतरला.

कुंदाबाईनं तो देवीच्या नेहमीच्या मोठ्या ताटात ठेवला. दरवेळी मांडा ताटाबाहेर लोंबायचा. आज चारी बाजूंनी पितळेचा काठ दिसत होता.