बसून घ्या, मलप्पाशेठ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. जुना आणि तिरसट. मला कोणी ‘डबडं’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि मला डोकंच नाही हे कोणी मध्येच सांगू नका. तुमच्या खिशातल्या मोबाइलला शंभर कामं येत असतील. मला एकच येतं, पण त्या एका कामावर एकदा एका माणसाचा जीव टांगला होता. ते सांगायचं म्हणून आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईच्या बाजारामागे महेबूबभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. कुठल्या कंपनीचा शिक्का माझ्या कपाळी नाही. एका बिघडलेल्या सेटचा स्पीकर, दुसऱ्याच्या तारा आणि महेबूबभाईंनी स्वतः घडवलेली लाकडी पेटी, एवढं मिळून मी झालो. पेटीला त्यांनी तांबडा रंग दिला, पोटात दोन मोठे सेल बसवले आणि कान पिळला. मी नुसताच खरखरलो. तेव्हा ते म्हणाले, “बोल बेटा, शरमा नक्को.” मग मी बोललो.

रेणापूरचे मलप्पा तेव्हा तरुण होते. त्यांनी नुकतंच उमरीला किराणा दुकान टाकलं होतं. बायकोला, बसम्माला घेऊन ते लातूरला माल भरायला आले आणि जाताना मला घेऊन गेले. निघताना महेबूबभाईंनी त्यांना बजावलं, “शेठ, सेल उतरले की फेकू नका. उन्हात तापलेल्या कोरड्या दगडावर ठेवा. थोडी जान येती. मेलं म्हणून लगेच फेकायचं नस्तं काही.” मलप्पाशेठनी ते वाक्य गाठीला बांधलं. पुढे कितीतरी वर्षं दुकानाच्या पायरीवर माझे सेल उन्हं खात पडलेले असायचे.

त्याच सुमारास नांदेडच्या केंद्रावरून आपल्या मुलखाच्या बोलीत बोलणारा एक आवाज लागायला लागला. मुज्तबासाहेब. दुपारी चार ते पाच त्यांचा फर्माईशीचा कार्यक्रम असे. गावोगावची पोस्टकार्डं ते वाचायचे, थट्टा करायचे, मग गाणं लावायचे. मलप्पाशेठचं आठवड्याला एक कार्ड ठरलेलं. एकदा साहेब म्हणाले, “उमरीहून मलप्पाशेठ आणि सौभाग्यवती बसम्मा. कार्डाला गुळाचा डाग हाय बरं का, म्हंजे दुकान जोरात दिसतंय!” बसम्मा आत भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. तो दिवस आठवला की अजून मला बरं वाटतं.

पहिल्या गाण्याआधी साहेबांचं एक वाक्य कधी चुकलं नाही. “ज्यांचं काम झालं त्यांनी बसून घ्या. ज्यांचं ऱ्हायलं त्यांनीबी बसून घ्या. काम कुठं पळून चाललंय?” हे कानावर पडलं की मलप्पाशेठ हातातला तराजू खाली ठेवायचे, गादीवर मांडी घालायचे आणि मला उत्तर द्यायचे, “बसलो साहेब, बसलो!” समोर गिऱ्हाईक असो नाहीतर तहसीलदार, त्यात बदल नाही.

मग दिवस फिरले. घरात टीव्ही आला, हातात मोबाइल आले, कार्डं बंद झाली, दुकान बंद झालं. बसम्मा गेली. मलप्पाशेठ मुलाकडे, मृत्युंजयकडे, विष्णुपुरीला राहायला आले आणि मी कपाटावर धूळ खात बसलो. पुढं शेठना विसर पडू लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गल्ली, मग एके दिवशी मुलाचं नाव. पण चार वाजले की त्यांचा हात बरोबर कपाटावर यायचा. सगळं घर त्यांना परकं झालं होतं, मी तेवढा ओळखीचा उरलो होतो. खरं सांगतो, मला त्याचा अभिमानही वाटायचा आणि भीतीही.

गेल्या सप्टेंबरात मुज्तबासाहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी सुमय्या नावाची मुलगी आली. पोरगी गुणाची आहे, आवाज मधासारखा आहे, माझी तक्रार नाही. पण शेठ रोज चारला मला लावायचे, दोन मिनिटं ऐकायचे आणि बंद करायचे. “साहेब आले न्हाईत आज,” म्हणायचे. मग संध्याकाळपर्यंत घरभर येरझाऱ्या. बसून घ्या म्हणणारंच कोणी उरलं नव्हतं.

आणि मग ऑक्टोबरातला तो दिवस आला.

मृत्युंजय आणि त्याची बायको रेणापूरला बारशाला गेली होती. घरी नात होती, स्वप्नाली. सकाळी तिचा कॉलेजात पेपर होता, केस धुवायचे होते आणि बाथरूममधला गॅसचा गिझर पेटेना. त्यालाही दोन मोठे सेल लागतात. तिनं माझे नवे सेल काढून गिझरला घातले आणि गिझरचे उतरलेले माझ्या पोटात कोंबले. ‘आजोबांना कुठं कळतंय, संध्याकाळी नवे आणू,’ एवढंच तिच्या मनात. दुपारी ती दमून आली, आजोबांना जेवू घातलं आणि तिथंच तिचा डोळा लागला.

चार वाजता शेठनी मला लावलं. सुमय्याचा आवाज आला. त्यांनी मान हलवली. “साहेब उमरीलाच गेले जणू. बसम्माबी वाट बघायली. मी इथं काय करायलोय?” त्यांनी पायात चपला घातल्या, मला काखेत मारलं आणि कडी काढून बाहेर पडले. मी ओरडणार तरी कसा? माझा आवाज माझा नसतो, मित्रांनो. केंद्रावरून येईल तोच.

उमरी नदीच्या पलीकडे. शेठ थेट गोदावरीकडे निघाले. पावसाळा नुकताच सरला होता, धरणाचं पाणी काठोकाठ भरलं होतं. वस्तीच्या मागे दगडी पायऱ्या उतरत उतरत पाण्यात जातात. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या. काठावर चिटपाखरू नव्हतं. “नाव यील आता, पलीकडं न्यायला,” असं पुटपुटत ते एकेक पायरी उतरू लागले.

तेवढ्यात माझ्यातून सुमय्या गाणं मध्येच तोडून बोलली. “आत्ता स्वप्नालीचा फोन आलाय. तिचे आजोबा घरातून निघून गेलेत. कपाटावरचा रेडिओबी न्हाई, म्हंजे तो त्यांच्याजवळच हाय. मलप्पा आजोबा, ऐकायलात ना? जिथं असाल तिथं थांबा!”

शेठ थांबले. माझ्याकडे पाहिलं. “ही कोणाची पोरगी मला थांब म्हणायली?” असं म्हणून त्यांनी माझा आवाज कमी केला आणि आणखी दोन पायऱ्या उतरले. पाणी चार पायऱ्यांवर होतं. माझे सेल तर आधीच अर्धमेले. आवाज चिरका होत चालला होता. इतकी वर्षं मी ज्यांच्या काखेत राहिलो त्या माणसाला मी हाताशी असून अडवू शकत नव्हतो. असली लाचारी वैऱ्यालाही नको.

पुढचं मला नंतर कळलं. स्वप्नाली फोनवर रडत सुमय्याला म्हणाली होती, “ताई, ते तुमचं ऐकणार न्हाईत. ते फक्त मुज्तबासाहेबांचं ऐकतात.” आणि सुमय्यानं वेळ न दवडता साहेबांच्या घरी फोन लावून तो सरळ कार्यक्रमात जोडला होता.

एक पायरी राहिली असताना माझ्यातून तो जुना, थोडा थकलेला आवाज आला.

“उमरीचे मलप्पाशेठ! ज्यांचं काम झालं त्यांनी बसून घ्या. ज्यांचं ऱ्हायलं त्यांनीबी बसून घ्या. काम कुठं पळून चाललंय?”

शेठचे गुडघे वाकले. तिथंच पायरीवर त्यांनी मांडी घातली. “बसलो साहेब, बसलो!” पाणी हातभर खाली होतं.

“बसा. उठायचं नाव काढू नका,” साहेब म्हणाले. “आता ह्या रेडिओच्या आसपास जे कोणी असंल त्यांनी आमच्या शेठला हात द्या, आणि हा नातीचा नंबर लिहून घ्या.”

मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून बोललो. वर काठावर चांगुणा नावाची बाई शेळ्या घेऊन चालली होती. तिनं ऐकलं. धावत खाली आली, एका हातानं शेठचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं काठीच्या टोकानं पायरीवरच्या गाळात आकडे काढू लागली. सहा आकडे झाले आणि माझे सेल संपले.

सगळं शांत झालं. शेठ चुळबुळले. “साहेब गेले. नाव आली असंल.” ते उठले. चांगुणा ओढत होती, पण त्यांच्या अंगात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. तिचे पाय शेवाळावर घसरू लागले. दोघंही जाणार असं मला वाटलं. तेव्हा ती कळवळून ओरडली, “आजा, साहेब कुठं गेले न्हाईत! तुमचे सेल उतरलेत, सेल!”

शेठ थबकले. मला हातात घेतलं, मागचं झाकण काढलं. ज्या बोटांना सदऱ्याची गुंडी लावायची आठवण राहिली नव्हती, त्या बोटांनी दोन्ही सेल अलगद काढले. चांगुणानं घाईनं ते पायरीवर ठेवायला हात पुढे केला, तर शेठ तिच्यावर खेकसले. “ओल्या दगडावर सेल तापतेत व्हय? अक्कल हाय का न्हाई?” आणि ते वळले. कोरडा, तापलेला दगड शोधत एकेक पायरी वर चढले, थेट काठावर. तिथं एका काळ्या दगडावर त्यांनी सेल मांडले, शेजारी बसले आणि राखण करू लागले. चांगुणा मागे उभी राहून नुसती धापा टाकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाचला कार्यक्रम संपतो, मग दुसऱ्या केंद्राचं काहीतरी सुरू होतं. ऊन कलत चाललं होतं. चांगुणा सारखी म्हणायची, “घाला की आता,” आणि शेठ म्हणायचे, “दम धर. हड्डी गरम झाल्याबिगर जान येत न्हाई.” शेवटी त्यांनी सेल गालाला लावून पाहिले, धोतराच्या सोग्यानं टोकं पुसली, मला घातले आणि माझा कान पिळला.

पाच वाजून गेले होते, तरी मुज्तबासाहेब बोलतच होते. सुमय्यानं मधे एकही गाणं लावलं नव्हतं. घसा बसला होता, तरी ते पुन्हा पुन्हा तोच नंबर सांगत होते. चांगुणानं या खेपेला सगळे दहा आकडे घेतले आणि फोन लावला. मी तेवढ्यापुरताच जागा झालो होतो. शेठ सापडल्याचं नातीकडून कळताच साहेब म्हणाले, ‘खुदा हाफिज, शेठ, बसून ऱ्हावा,’ आणि तेवढं बोलून मी गप्प झालो.

स्वप्नाली स्कूटीवरून आली तेव्हा आजोबा गप्प झालेला मला मांडीवर घेऊन बसले होते. तिनं त्यांना मिठी मारली, मग माझं झाकण उघडून ते गिझरचे सेल पाहिले आणि हमसून हमसून रडली. तिला कोणी रागावलं नाही. मीसुद्धा नाही.

दोन दिवसांनी मुज्तबासाहेब स्वतः घरी आले. इतकी वर्षं एकमेकांची खुशाली विचारली, पण दोघांची गाठ पहिल्यांदाच पडत होती. साहेब दारात उभे राहून शेठच्या लिंगायत रीतीनं म्हणाले, “शरणार्थ, शेठ.” शेठनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नाही. घड्याळात चार वाजत होते. शेठनी मला लावलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “पाहुणे, जरा गप ऱ्हावा. आमच्या मुज्तबासाहेबांचा टाइम झालाय.”

  सुमय्याचा आवाज यायच्या आत साहेब हळूच माझ्या मागे, शेठच्या नजरेआड जाऊन उभे राहिले आणि माझ्या एरियलच्या तारेपाशी वाकून म्हणाले, “ज्यांचं काम झालं त्यांनी बसून घ्या...”

शेठ माझ्याकडे बघून हसले. “बसलो साहेब, बसलो!”

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या पोटात नवे सेल असतात, तरी शेठ रोज दुपारी ते काढून उन्हात ठेवतात, आणि स्वप्नाली त्यांना अडवत नाही, शेजारी बसून राखण करते. तुमच्या घरीही कपाटावर एखादा माझ्यासारखा असेल आणि खाटेवर एखादा शेठसारखा. आम्ही गप्प झालो म्हणून आमच्यात जान उरली नाही असं समजू नका. आम्हाला थोडं उन्हात न्या आणि जवळ बसून घ्या.