भिंतीवरचा किलकिला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. थांबा, सुरुवातीलाच खोटं बोललो. मी दरवाजाचं चित्र बोलतोय. मला बिजागऱ्या नाहीत, आणि माझ्या पाठीमागे विटा सोडल्या तर काहीही नाही.

माझा जन्म एका वृद्धाश्रमात झाला. तिथला लांबलचक पॅसेज शेवटी बंद भिंतीला धडकायचा. म्हातारी माणसं तिथवर चालत यायची आणि कोऱ्या भिंतीसमोर गोंधळून उभी राहायची. म्हणून मोठ्या सिस्टरनी पेंटरला बोलावलं. "काहीतरी घरगुती काढा. एखादं बंद दार काढलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

या पेंटरचं आयुष्य भिंती सजवण्यात गेलेलं. सिमेंटच्या खांबाचा संगमरवर करून दाखवायचा. पण कुणी 'रंगारी' म्हटलं, की राग नाकाच्या शेंड्यावर! त्यानं आधी पिवळसर रंगाचा एक हात दिला. तो वाळल्यावर वरून गडद तपकिरी रंग लावला आणि ओला असतानाच त्यातून रबरी कंगवा ओढून लाकडाच्या रेषा उमटवल्या. दाराच्या मुठीभोवती बोटांचा मळसुद्धा काढला, वर्षानुवर्षं हात लागल्यासारखा.

इथपर्यंत ठीक होतं. पण बंद दार काढण्यात कसलं आलंय कसब? त्यानं मला बोटभर किलकिला केला आणि फटीतून उजेडाची पट्टी पार फरशीपर्यंत खाली आणली. मग चार पावलं मागे सरून म्हणाला, "आता हात लावल्याशिवाय कुणी पुढं जाणार नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीसुद्धा तेव्हा फुशारलो होतो, कबूल करतो.

चौथ्या दिवशी शिलाईवाल्या आजी आल्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या. आता स्वतःच्या खोलीचा नंबरही त्यांच्या लक्षात राहत नसे. त्यांनी माझ्या फटीतला उजेड पाहिला आणि थबकल्या. आत दिवा लागलाय, म्हणजे आत कुणीतरी आहे, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

"चिमे," त्या हळूच म्हणाल्या, "दार उघड गं. तू आत आहेस, ठाऊक आहे मला."

चिमी म्हणजे त्यांची लेक. ती दुसऱ्या शहरात राहते. महिन्यातून एकदा आश्रमाच्या ऑफिसात फोन करून आईची तब्येत विचारते, पण 'आईला फोन द्या' असं कधी म्हणत नाही.

त्या दिवसापासून आजी रोज यायला लागल्या. "तुझ्या बाळंतपणाला मी आले नाही. हट्टाला पेटले होते मी. तू कुणाच्या आधारानं निभावलंस गं सगळं? चुकलं माझं." मुठीला हात घालायच्या आणि नखं नुसती भिंतीवर घसरायची. त्यांना वाटायचं, लेकीनं आतून दार धरून ठेवलंय. "अजून राग गेला नाही वाटतं," असं पुटपुटत जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या.

ती माफी माझी नव्हती, तरी रोज मीच ऐकायचो. ज्याला उघडता येत नाही, त्यानं किलकिलं दिसू नये. धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटायचं, पण भिंतीला तेवढीही सोय नाही.

एके दिवशी आजी जेवायला गेल्याच नाहीत. दुपारभर माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिथंच घेरी येऊन पडल्या. कपाळाला खोक पडली. सिस्टरनी पेंटरला फोन केला. "या आणि तुमचं दार बुजवा," एवढंच म्हणाल्या.

आज सकाळी तो आला. त्यानं डबा उघडला, ब्रश काढला, तेवढ्यात कपाळाला पट्टी बांधलेल्या आजी आल्याच.

"सुतार का तुम्ही? बरं झालं आलात. जरा रंधा मारून बघा. दार अडकलंय, लेक आत आहे."

पेंटरचा चेहरा उतरला. हो म्हणून त्यांना खोलीत पाठवता आलं असतं. पण त्यानं ब्रश खाली ठेवला.

"आजी, मी सुतार नाही. मी रंगारी. हे दार नाहीये, मी काढलेलं चित्र आहे. बंद काढायला सांगितलं होतं, मीच शहाणपणा करून उघडं काढलं. आत कुणी नाही."

आजींनी तळहात माझ्यावर सपाट ठेवला. बराच वेळ ठेवला.

"म्हणजे चिमीनं यातलं काहीच ऐकलं नाही?"

पेंटरला मान वर करवेना. "नाही, आजी."

आजी खोलीकडे वळल्या. पेंटर आता उजेडाच्या पट्टीपासून सुरुवात करतोय. दोन हातांत मी साफ बुजेन, आणि तेच बरं. माझ्याबद्दल हळहळू नका. पण शिलाईवाल्या आजींची लेक यदाकदाचित हे वाचत असेल, तर तिनं ऐकावं: चिमे, तुझी आई तुझ्या बाळंतपणाला आली नाही, ते तिचं चुकलं. हे ती तुला तीन महिने रोज सांगत होती. निरोप माझ्यापाशी अडकला होता. पुढच्या महिन्यात फोन करशील, तेव्हा आईला बोलाव.