चालवत आणलेली जीप

ओट्यावरच्या रिकाम्या ताटात ठेवलेला फोन थरथरला आणि ताटासकट सगळं स्वयंपाकघर खणखणलं. तोवर घर चिडीचूप होतं. मुलाचा विषय निघाला की अप्पा, म्हणजे तिचे सासरे, मौन धरायचे. आणि तो जीप आणायला गेल्यापासून घरात दुसरा विषयच नव्हता.

पार डोंगरापलीकडे, कुणाच्या तरी शेडमध्ये कोंबड्यांच्या संगतीत उभी असलेली, स्वतःपेक्षा वयाने मोठी जीप नवऱ्याने फोटो बघून घेतली होती. "ट्रकवर टाकून आण," असं तिने सुचवलं, तर म्हणे, "फ्रीज आहे का तो? मी चालवत आणणार."

ड्रायव्हिंग स्कूल चालवून अप्पांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. पोटच्या पोराच्या हातात मात्र हायवेवर स्टिअरिंग कधी दिलं नाही. "याला गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," हे त्यांचं वाक्य शेजाऱ्यांना पाठ होतं, तिच्या आईनेही ते लग्नाच्या मांडवातच ऐकलं होतं. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, "आणलीस" म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. ते तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच नवऱ्याची जास्त चीड येत होती. चाळिशीला टेकलेला बाप्या, आणि अजून शाबासकीला हपापलेला.

फोनवर निरोप होता : पंपामागे ये. एकटीच.

"दूध आणते," ती म्हणाली.

"आहे की घरात," अप्पा पेपरातूनच म्हणाले.

"नासलंय."

तिची लेक पिल्लू धावत जाऊन स्कूटरवर पुढे उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. स्कूटर पळायला लागली की तोंडात किडे जातात, म्हणून तिची ही आधीपासूनच तयारी. तिला खाली उतरवताना आईचा जीव थोडा हलला.

पंपामागे जीप ट्रकवरून नुकती उतरली होती. नवरा तिच्याकडे न बघता टायर बघत होता.

"पहिल्याच चढाला पहिला गिअर सुटायला लागला."

"मग तू किती चालवलीस?"

"शेडपासून रस्त्यापर्यंत."

"म्हणजे कोंबड्यांनी टाटा केला आणि ट्रकने उचललं."

ट्रकवाला फळ्या आवरत हसला. "वहिनी, फळीवर सरळ चढेचना. रिव्हर्स तेवढा दणकट, मग उलटीच चढवली."

"मालकावर गेलीय."

नवऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याने चिखल कालवला आणि पुढच्या मडगार्डवर, बंपरवर फासला. मग काचेवर उडवून वायपर फिरवला. भांडं घासायला सांगितलं तर हात दुखणारा माणूस, पण चिखल कसा मन लावून लिंपत होता. शेवटी डिपस्टिकवरचं ऑइल त्याने शर्टाला पुसलं, नाकालाही लावलं.

"सांगशील अप्पांना?"

"मला काय पडलंय."

"कसं दिसतंय?"

शाळेच्या नाटकात झाडाचं काम मिळालेला मुलगा विचारतो, तसं त्याने विचारलं. तिने सुस्कारा सोडला, रुमाल काढला आणि त्याच्या नाकावरचं ऑइल पुसलं. "गाडी काय नाकाने दुरुस्त करतात?" मग त्याच रुमालाने त्याच्या मनगटावर एक काळा पट्टा ओढला. "इथे लागतं."

ती घरी पोचते न पोचते तोच खोकत, ढेकर देत जीप गल्लीत शिरली. पिल्लू उड्या मारायला लागली. अप्पा पायऱ्या उतरले. ते बंपरसमोर उभे राहिले, चिखलाकडे बघितलं, पोराच्या शर्टाकडे बघितलं. मग तळहात बॉनेटवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"घाटात तापली?"

"थोडी. थांबत थांबत आलो."

"हं." अप्पांनी घसा साफ केला. "आणलीस म्हणजे."

नवऱ्याचे कान लाल झाले. पंपामागे ज्याची तिने मनसोक्त टर उडवली, त्याच खोट्याची आता तिला काळजी वाटायला लागली. टिकू दे रे बाबा, आजच्या दिवस तरी.

"आई, इकडे ये ना!" पिल्लू जीपच्या मागे होती.

मागच्या काचेवर आणि स्टेपनीवर किडेच किडे. हिरवे, पिवळे, पंखांसकट चपटे झालेले, सगळ्या वाटेभरचे. पुढे चिखलाखाली एकही नव्हता. मागची बाजू नवऱ्याने बघितलीच नव्हती, आणि तोंडाची टकळी चालवण्यात तिनेही नाही.

अप्पांनी बॉनेटवरचा हात उचलला आणि ते सावकाश मागे यायला निघाले. नवरा जागेवरून हलला नाही. पिल्लूने बोटाने एक पंख खरवडला, आधी ओठ मिटले, विचार केला, आणि मग आईकडे बघून विचारलं, "आई, बाबा एवढ्या लांबून रिव्हर्समध्येच आले का गं?"