लाँड्रीशेजारचे हॉटेल आणि मी

मित्रांनो, मला नीट पाहिलेत तर माझा अर्धा भाग गडद आणि अर्धा फिका दिसेल. दोन वेगवेगळ्या दारांच्या उरलेल्या फळ्या जोडून सुताराने मला बनवले. "चालून जाईल," एवढेच तो म्हणाला. मी टेबल आहे, आणि आता बरेच जुने झाले आहे.

माझी पहिली बावीस वर्षे टायपिंगच्या वर्गात गेली. माझ्यावर दोन यंत्रे दिवसभर खडखडत. बोट चुकले की मुले यंत्र सोडून माझ्यावरच मूठ आपटत. पुढे वर्ग बंद पडला आणि माझी रवानगी भंगाराच्या दुकानात झाली. तिथून मला एका आचाऱ्याने आणले.

हा आचारी पूर्वी जहाजावर होता. भूमध्य समुद्राच्या बंदरांत उतरून, लोकांच्या स्वयंपाकघरांत डोकावून त्याने तिथले पदार्थ शिकून घेतले होते. नोकरी सोडल्यावर त्याने लाँड्री आणि सायकलवाला यांच्यामधल्या गाळ्यात सहा टेबलांचे हॉटेल काढले. गल्ल्यावर त्याची बायको बसे. तिला सगळे वहिनी म्हणत. पाटीचा निळा रंग उडालेला, आत छत ठेंगणे. लोक दारातून डोकावत, इथे काय मिळणार असे तोंड करत आणि पुढे जात. मला त्याचे काही वाटत नसे. टेबलाला गर्दीची हौस नसते.

एका रविवारी दुपारी माझ्याभोवती तिघे बसले. म्हातारी आई, तिचा मुलगा आणि मुलगी. आईचे घर समोरच्याच इमारतीत होते. घरात विषय काढला तर भांडण होईल, म्हणून ते इथे आले होते. जेवण हे निमित्त होते.

"सहा महिने माझ्याकडे, सहा महिने दादाकडे," मुलगी म्हणाली. "हे घर बंद करून टाकू."

"करायलाच हवं," दादा म्हणाला. "एकटी असली की ही चहात बिस्किट बुडवून दिवस काढते. किती वाळली आहे, बघ."

दोघे आईबद्दल बोलत होते, आईशी नाही. ती माझ्या फळ्यांच्या जोडावरून बोट फिरवत होती.

तेवढ्यात ताटल्या आल्या. तीळ घालून लोण्यासारखे वाटलेले काबुली चणे, विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा गर, वर ऑलिव्हचे तेल, आणि भट्टीतून काढलेल्या, अजून फुगलेल्या पिटा रोट्या. मुलाने पहिला घास घेतला आणि त्याचे वाक्य अर्धेच राहिले.

"हे भलतंच चांगलं आहे," तो पुटपुटला.

आईने वांग्याची ताटली पुसून खाल्ली आणि आणखी एक मागवली. तीही संपल्यावर ती म्हणाली, "मी कुठेही जाणार नाही. मला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, घराचा नाही. एका माणसासाठी भांडी कोण काढत बसणार? उद्यापासून दुपारी इथे जेवेन."

"रोज हॉटेलात?" मुलीने विचारले.

"रोज."

मुलीने वहिनींकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, "तेल-मीठ बेतानं घालू. पण आजी, एक वाजता या. दोनला आम्ही भट्टी विझवतो."

महिनाभर बघू, असे ठरले. महिन्याची तीन वर्षे झाली. आजींच्या गालांवर मांस आले. खिडकीतून त्यांना जेवताना पाहून इतरही लोक आत येऊ लागले. हॉटेल भरू लागले तशी नवी, चकचकीत टेबले आली. मला हलवायची वेळ आली तेव्हा आजी म्हणाल्या, "हे राहू द्या. त्या नव्यांवर माझं कोपर घसरतं." मी राहिले.

एका मंगळवारी दीड वाजला तरी आजी आल्या नाहीत. हॉटेल गच्च भरले होते.

"येतील," आचारी भट्टीपाशी उभा राहून म्हणाला.

"त्यांना कधी उशीर झालाय का?" वहिनींनी विचारले.

आचाऱ्याने हाताला लागलेले पीठ पुसले, भट्टीतल्या पिटा बाहेर काढल्या आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना तसेच सोडून तो रस्ता ओलांडून गेला. पुढचे मला त्याच्याच तोंडून कळले. आजी सकाळी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. हाका मारून आवाज बसला होता. त्याने दार फोडले. संध्याकाळ झाली असती तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले.

आजी दोन महिने अंथरुणाला खिळल्या. त्या आपल्याच घरी राहिल्या. मुलगा आणि मुलगी आळीपाळीने त्यांच्याकडे येऊन राहिले, आणि डबा इथून गेला. घर बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आता आजी काठी टेकत, सावकाश का होईना, येतात.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, गरम भांडे थेट माझ्यावर ठेवू नका, एवढेच खरे तर टेबलाने मागावे. पण एक जास्तीचे मागतो आहोत, मी आणि वहिनी. रोज तुमच्या शेजारी बसणारे माणूस एखाद्या दिवशी दिसले नाही, तर हातातला घास ठेवून उठा. ताटली थंड होईल. होऊ द्या. आमचा आचारी ती पुन्हा गरम करून देतो.