पेपर निघाला की येतो

सुरतेत डिंडोलीच्या त्या गल्लीत पेपर म्हटलं की कुणाला सकाळची बातमी आठवत नाही. आठवतो तो केशरबाई तायड्यांचा नरेंद्र. आता याला कोण काय करणार! पोरगा इथेच सुरतेत शिकून डॉक्टर झाला, म्हणजे सुया टोचणारा नव्हे, काचेवर कसलेसे पातळ थर चढवून त्यातून वीज खेळवणारा. पुढे कोरियाला गेला. जाताना स्टेशनवर आईला म्हणाला, "मोठ्या मासिकात संशोधनाचा एक पेपर निघू दे, की आलोच मी. त्याच्याशिवाय इकडे नोकरी देत नाहीत." केशरबाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. पहिल्या वर्षी केशरबाई सरळ विचारायच्या, "कधी येतो रे बाबू?" आणि पलीकडे पोरगा असा गप्प व्हायचा, की यांनाच अपराध्यासारखं वाटायचं. आईचं काळीज! त्यांनी तो प्रश्न सोडून दिला. त्याऐवजी विचारायला लागल्या, "पेपर कुठवर आला?" एकूण एकच की नाही? पेपर निघाला की तो येणार, म्हणजे पेपर जितका पुढे तितका पोरगा जवळ. हा हिशेब त्यांनी मनाशी पक्का केला आणि त्या निर्धास्त झाल्या.

मग काय विचारता! उभा जन्म ज्या बाईने साड्यांना खडे चिकटवण्यात घालवला, ती बाई रिव्ह्यूअर, रिव्हिजन असले शब्द शेवयांसारखे सुरसुर बोलायला लागली. "दुसऱ्या रिव्ह्यूअरनं, म्हंजे तपासणाऱ्यानं, अडवून ठेवला हाय," असं त्या विहारात वंदनेनंतर बायकांना सांगायच्या, आणि बायकाही "मेल्याचं वाटोळं होवो" म्हणून त्या न पाहिलेल्या माणसाला बोटं मोडायच्या. गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता मारुती, त्याने तर अभिनंदनाचा बॅनर मोबाइलवर तयार करून ठेवला होता, फोटोसकट. नुसता छापायचा बाकी. गल्लीत कुणीही केशरबाईंना भेटलं की राम राम नाही, जय भीम नाही, आधी हेच, "काय मावशी, निघाला का पेपर?"

पण पेपर काही निघेना. नरेंद्र ज्या मालावर काम करायचा तो माल एकाएकी जुना झाला. सगळी दुनिया म्हणे उन्हापासून वीज करणाऱ्या नव्या मालामागे लागली. नरेंद्रने तो धरला, हात बसेपर्यंत दुनिया पुढे सरकली, एका अणूच्या जाडीच्या पापुद्र्यावर गेली. तोही धरला, तोवर आठवण ठेवणाऱ्या मालाची लाट आली. केशरबाईंना हे चटकन समजलं. सुरतेत राहून हे नाही समजणार तर कुणाला? इथे आज मोरपिशी साडी चालते म्हणून सारे कारखाने मोरपिशी काढतात, आणि माल बाजारात येईपर्यंत बायका म्हणतात, शी, मोरपिशी कोण नेसतं! "तसंच हाय त्याचं," त्या नवऱ्याला ओरडून सांगायच्या. भिवाजींचे कान मागाच्या खडखडाटात गेलेले. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "मंग त्याले म्हणा, सुती काढ. सुती कधी जुनं होत नाई."

गेल्या रविवारी फोन यायच्या आधी किरण आली. जवळच्याच गोडादऱ्याची पोरगी, नरेंद्रच्याच जुन्या प्रयोगशाळेत आता डॉक्टरेट करते. स्वभावाने मोकळी, मराठीत गुजराती मिसळून बोलते. तिला नरेंद्रची जुनी वही हवी होती. वही सापडली, चहा झाला, आणि पोरगी सहज बोलून गेली, "मावशी, दादाचं भाषण कसलं मस्त झालं ने! आम्ही अजून त्याचीच वात करतो, त्याच्यावरच बोलतो."

"कोणतं भाषण?"

"अरे, डिसेंबरचं. आमच्याकडे कॉन्फरन्स होती ने, इथे." किरणने मोबाइल पुढे केला. "तुम्ही पाहिलंच असेल."

केशरबाईंनी चष्मा लावला. स्टेजवर नरेंद्र उभा होता. कोट घातलेला, अंगाने रोडावलेला, कानाजवळ केस पांढरे झालेले. मागे पडद्यावर डोंगरासारख्या रेघा. किरण सांगत होती, दादाने कितीतरी वर्षांचे पेपर गोळा करून दाखवलं की नवा माल येतो, सगळे धावतात, पेपरांचा पूर येतो, मग सगळे उठून दुसरीकडे. कोण कुणासोबत लिहितं, कोण एकटं पडतं. आणि आपल्याकडे लाट पोहोचते तोवर तिकडे ती ओसरलेली असते. केशरबाईंच्या कानात यातलं काहीच शिरत नव्हतं. पोरगा सुरतेत येऊन गेला. सुरतेत! रिक्षाने अर्ध्या तासावर.

भाषण संपल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, मग आम्ही कोणतं मटेरियल घ्यावं?" नरेंद्र हसला. हिंदीत म्हणाला, "असं घ्या, ज्याच्या पेपरसाठी आईला वाट पाहावी लागणार नाही." सारा हॉल खळखळून हसला. किरणही हसली, आणि मग केशरबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"मावशी... दादा घरी आला नव्हता?"

"आलता ना," केशरबाई म्हणाल्या. परक्या पोरीसमोर घरची अब्रू कशाला काढायची? "आलता. जेवून गेला."

पोरगी गेली. केशरबाई ओट्यावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. असा राग आला होता त्यांना, की आता फोन येऊ दे, चांगली खरडपट्टी काढते! आणि रागाच्या खाली जे होतं त्याला काय म्हणायचं? आपल्याच रक्ताने आपल्याला टाळलं याचा घाव साधा नसतो. तो नाकातोंडात पाणी गेल्यासारखा असतो, धड खोकताही येत नाही.

फोन आला, तशा त्या आत गेल्या. "आई, जेवलीस का?" नेहमीचंच.

"नरेंद्र, तू डिसेंबरात सुरतले आलता?"

खोटं बोलला नाही, तेवढं बरं. "हो."

"अन् घरी नाई आला."

"आलो होतो."

केशरबाईंना वाटलं, फोन बिघडला.

"आलो होतो, आई. गल्लीच्या तोंडापर्यंत. रिक्षात बसून होतो. तू ओट्यावर साडीला खडे लावत होतीस. तुझा चष्मा नवा होता. बाबा बाजूला शेंगा सोलत होते. उतरणार होतो. तेवढ्यात कोणीतरी बाई तुझ्यापाशी थांबली, काहीतरी विचारलं तिनं, आणि तू हात हलवून नाही म्हणालीस. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मला कळलं ती काय विचारत होती ते. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चल परत."

"काऊन रे बाबू? काऊन?"

"काय घेऊन येऊ? सगळी गल्ली पेपरची वाट पाहते. तू दर रविवारी पेपरचंच विचारतेस. पहिल्या वर्षानंतर मला एकदाही म्हणाली नाहीस, ये म्हणून. मी म्हटलं, आईला पेपर पाहिजे. पेपर नाही तर मी कोणत्या तोंडानं..."

केशरबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. मायबाई, हे काय झालं! ज्या शब्दांनी त्या पोराला ओढत होत्या, त्याच शब्दांनी पोरगा दूर ढकलला जात होता, वर्षामागून वर्षं. पोराचा जीव दुखू नये म्हणून ज्या एका प्रश्नाला त्यांनी कुलूप लावलं, तोच ऐकायला पोरगा तिकडे कान लावून बसला होता. दोघंही शहाणे, आणि दोघांनी मिळून केवढा हा वेडेपणा!

"मले पेपर नको रे," त्या म्हणाल्या, आणि रडू आवरायचा त्यांनी जरासुद्धा प्रयत्न केला नाही. "तुह्या पेपरात काय लिहिलं हाय हे मले या जन्मी समजणार नाई. तो निघाला का तू येशीन, म्हणून विचारत होती मी. दुसरं काय करू? मारुतीचा बॅनर जाऊ दे चुलीत. आजपासून मी पेपरचं नाव काढणार नाई. एकच विचारीन. विचारू?"

"विचार."

"कधी येतो?"

पेपरचं विचारलं की त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. रिव्हिजन चालू आहे, संपादकाचं उत्तर यायचंय, मशीन बंद आहे, नवा माल धरलाय. आज त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघालं नाही. त्याच्यामागे कुठली तरी गाडी गेली. बाहेर भिवाजी मोठ्याने विचारत होते की पोराचा फोन आहे का.

"माहीत नाही गं, आई," नरेंद्र म्हणाला. "खरंच माहीत नाही. इकडचं काम सुटत नाही, आणि तिकडे कोणी नोकरीला घेत नाही."

हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं, भिंतीला टेकल्या आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," केशरबाई म्हणाल्या. "मंग आज फोन ठेवू नको."